घर बघायला आलेली माणसं

संस्थेला तीस वर्षं होणार म्हणून एक पुस्तिका काढायचं ठरलं आणि ती लिहायचं काम ताईंच्या गळ्यात पडलं. बैठकीत नव्या संचालकांनी "हे कोण लिहील?" असं विचारलं, तेव्हा ताई टेबलाखाली वाकून पायातून निसटलेली चप्पल शोधत होत्या. मान वर करेपर्यंत सगळे त्यांच्याकडेच बघत होते.

"आठ पानं, ताई," संचालक म्हणाले. "फोटो भरपूर. वाचणाऱ्याला बरं वाटलं पाहिजे, एवढंच बघा."

"वाचणारा म्हणजे कोण?"

"देणगीदार," संचालक जरा ओशाळून म्हणाले.

संचालक पस्तिशीचे. हुशार, वक्तशीर, मनानं सरळ. दोन वर्षांपूर्वी आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी कार्यालयातल्या गळक्या नळांचे वॉशर स्वतःच्या हातानं बदलले होते. त्या दिवसापासून ताईंनी त्यांच्याबद्दल मागे वाईट बोलायचं सोडून दिलं होतं. समोर बोलायला त्यांना कधीच अडचण नव्हती.

ताई अठ्ठावन्न वर्षांच्या. संस्थेत त्यांचं काम घरभेटीचं. घरासाठी अर्ज आला की त्या कुटुंबाच्या भाड्याच्या खोलीत जाऊन बसायचं. माणसं किती, झोपतात कशी, पाणी कुठून आणतात, कमावतं कोण, मालकानं कितीदा खोली बदलायला लावली, हे विचारायचं आणि परत येऊन एक पान लिहायचं. त्या एका पानावर कुणाला घर मिळे, कुणाला मिळत नसे. मिळालं तर झेपेल एवढा हप्ता आणि शेवटी स्वतःच्या नावाचा कागद. तीस वर्षांत अशी एकशे बारा घरं उभी राहिली. अर्ज किती आले तेही ताईंना पाठ होतं, पण तो आकडा त्या आपणहून कुणाला सांगत नसत. जिने चढून गुडघे गेले होते. दुपारी तीननंतर त्यांना कुणाच्याही कपाळावरच्या आठ्या बघवत नसत. तरी रोज पिशवीत वही टाकून त्या निघत, कारण यादी होती, आणि यादी म्हणजे विहीर. कितीही उपसा, खालून झरतच राहते.

पुस्तिका लिहायला बसल्या तेव्हा त्यांनी पहिलं वाक्य लिहिलं: "संस्थेची सुरुवात एका कागदाच्या पट्टीपासून झाली." हे खरंही होतं.

तेव्हा ताई अठ्ठावीस वर्षांच्या होत्या आणि एका शाळेच्या कार्यालयात कारकून होत्या. मुलांच्या पटावर पत्ते लिहायचं काम त्यांचं. चौथीतल्या एका मुलीचा पत्ता एका वर्षात पाच वेळा बदलला. पाचव्या वेळी रकान्यात खोडायलाही जागा उरली नाही, म्हणून ताईंनी वरून कागदाची पट्टी चिकटवली. भूगोल शिकवणारे मास्तर पट चाळत होते. त्यांच्या बोटाला ती जाड पट्टी लागली.

"ही मुलगी राहते कुठे?" मास्तरांनी विचारलं.

"आज कुठे ते सांगू, की काल कुठे?" ताई म्हणाल्या. तरुण होत्या, जिभेला हाड नव्हतं.

मास्तरांना ते बोलणं लागलं. शाळा सुटल्यावर ते मुलीला घेऊन तिच्या घरी गेले, तर घर रस्त्यावर होतं. मालकानं सकाळीच खोली रिकामी करून घेतली होती. एका हातगाडीवर गादी, भांडी, पत्र्याची ट्रंक आणि शिवणाचं यंत्र. मुलीचा बाप, बाजारातला हमाल, दुसरी खोली शोधायला गेला होता. आई हातगाडीच्या कडेवर बसून कुणाच्या तरी कोटाला हातानं अस्तर लावत होती. गिऱ्हाइकाला तो कोट संध्याकाळच्या आत हवा होता. मास्तर पुढे गेले तर ती म्हणाली, "जरा उजेडातून बाजूला व्हा, सुई दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी शाळेच्या प्रयोगशाळेत अकरा माणसं जमवली. एक औषधांचा दुकानदार, दोन शिक्षिका, टपाल कचेरीतला एक साहेब, असे. ताई चहाचे कप मोजायला म्हणून आत गेल्या आणि बाराव्या झाल्या.

नगरपालिकेकडून घरं बांधायला मिळालेली जागा पाण्याच्या टाकीमागची होती. उतार असा की वर ठेवलेलं घमेलं खाली घरंगळत जाई. पण जागा होती. घर पाहावं बांधून म्हणतात, ते या अकरा-बारा जणांनी शब्दशः घेतलं आणि स्वतःच विटा रचायला लागले. तिसऱ्या रविवारी एक भिंत कमरेएवढी झाली. सगळे लांब उभं राहून कौतुकानं तिच्याकडे बघत होते, तेवढ्यात सायकलवरून एक मिस्त्री चालले होते, ते थांबले.

"काय चाललंय?"

"घर बांधतोय," मास्तर म्हणाले.

"कुणाच्या डोक्यावर पाडायला?"

त्यांनी सायकल लावली, खिशातून ओळंब्याची दोरी काढली आणि भिंतीला लावून दाखवली. भिंत चार बोटं बाहेर झुकली होती. ती पाडताना टपाल कचेरीतल्या साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढच्या रविवारी मिस्त्री आपली हत्यारं घेऊन आले आणि मग आलेच. "तुमची दया येते म्हणून येतो," असं ते तीस वर्षं म्हणत होते.

तेव्हाच नियम ठरला की ज्यांना घर मिळणार त्या कुटुंबानं चारशे तास स्वतः राबायचं. आपल्या घरावर, नाहीतर शेजारच्या. पहिलं घर अर्थातच त्या हमालाचं आणि शिवणकाम करणाऱ्या बाईचं. तिनं वाळूची घमेली इतकी उचलली की बोटं सुजून आठ दिवस सुई धरता येईना. वस्तीवरच्या सगळ्यांनी तिला टेलरमावशी म्हणायला सुरुवात केली. चारशे तास भरले तरी नवरा-बायको थांबले नाहीत. "घराला छप्पर नाही अजून, तासाचं काय घेऊन बसलात," असं तो हमाल म्हणाला होता.

इथपर्यंत ताईंनी भराभर लिहिलं. मग पेन अडलं. पहिल्या घरानंतर दुसरं कसं झालं, हे लिहायचं होतं.

दुसरं घर झालं ते मास्तरांनी एका कारखानदाराला आणि त्याच्या बायकोला पहिलं घर बघायला आणलं म्हणून. दोघं दाराशी बूट काढून आत आली. टेलरमावशी हातगाडीची हकीकत सांगता सांगता रडली. कारखानदाराची बायकोही रडली. पंधरा दिवसांनी दोन घरांची सोय झाली. तेव्हापासून पाहुणे येत राहिले. बँकेचे, कारखान्यांचे, महाविद्यालयांचे, कुणी बस भरून. ताई आदल्या दिवशी फोन करत, "मावशी, उद्या माणसं येताहेत," आणि मावशी म्हणे, "येऊ देत."

मुखपृष्ठासाठी संचालकांना मावशीचाच फोटो हवा होता, पहिल्या घराच्या दारात उभी असलेली. तो ठरवायला ताई मंगळवारी सकाळी तिच्याकडे गेल्या.

टेलरमावशी आता सहासष्ट वर्षांची होती. दारामागे तीच जुनी पत्र्याची ट्रंक, खिडकीशी यंत्र. हमाल जाऊन अठरा वर्षं झाली होती. पाच पत्त्यांची ती मुलगी दुसऱ्या गावी इस्पितळात परिचारिका होती. मावशीनं चहा दिला, फोटोचं सगळं ऐकून घेतलं, कपातला शेवटचा घोट घेतला आणि म्हणाली,

"फोटो राहू दे. ताई, मी घर सोडतेय. तुमचा नियम आहे ना, सोडायचं तर संस्थेलाच परत द्यायचं? घ्या परत."

"लेकीकडे जाताय?"

"नाही गं. तिच्या संसारात ती बरी, माझ्या यंत्राशी मी बरी. बाजारामागे एक खोली बघितलीय. तळमजला आहे."

"विकत?"

"भाड्यानं."

ताईंनी कप बशीत ठेवला. तीस वर्षं ज्या शब्दातून माणसांना बाहेर काढायला त्यांनी जीव काढला, तो शब्द ही बाई भाजीचा भाव सांगावा तसा सांगत होती.

"चढ होत नाही का? मिस्त्रींना सांगून दारापर्यंत कठडा करून घेऊ. पायऱ्या करू लहान लहान."

"चढाचं काही नाही."

"मग? शेजारी कुणी काही बोललं?"

"शेजारी सोन्यासारखे आहेत." मावशी उठली, खिडकीच्या पडद्याला हात लावला. "हे बघ. हा सातवा जोड. आधीचे सहा वापरून फाटले नाहीत, धुऊन फाटले. तुझा फोन आला की धुवायचे. किती वेळा आले असतील गं लोक? तू मोजलंस?"

ताईंनी मोजलं नव्हतं. जगातलं सगळं त्या मोजत, हे सोडून.

"हे गेले, त्याला सहा दिवस झाले होते," मावशी म्हणाली. "तुझा फोन आला. बँकेची माणसं येताहेत म्हणून."

"मी म्हटलं होतं, मावशी, जमणार नसेल तर नको."

"म्हणालीस. खोटं कशाला बोलू, म्हणालीस. पण तुम्ही दिलेल्या घरात बसून तुम्हाला नको कसं म्हणायचं?"

"दिलेलं कसलं? तुमचं घर आहे. चारशे तास राबलात तुम्ही."

"साडेसहाशे. माझ्याकडे वहीत आहेत." मावशी परत बसली. आवाज चढला नव्हता. "माझंच आहे, मला कळतं. कागद ट्रंकेत आहे. पण वीस माणसं दाराशी बूट काढून भिंती बघत आत आली की त्या कागदाचं काही चालत नाही. कुणी स्वयंपाकघरात डोकावतं. कुणी विचारतं, इथे झोपता का. एकानं तर फ्रीज उघडून बघितला."

"मला नाही सांगितलं कधी."

"काय सांगायचं? हातगाडीवर बसून मी एकच संध्याकाळ कोट शिवला. एकच. रात्री नऊच्या आत खोली मिळाली होती आम्हाला. पण तीस वर्षं मला त्या हातगाडीवरून कुणी खाली उतरू दिलं नाही."

बाहेर कुणीतरी नळाखाली बादली लावली होती. ती भरत आल्याचा आवाज आला.

"पहिल्यांदा खरंच रडू आलं," मावशी म्हणाली. "मग कुठल्या वाक्याला येतं ते कळलं. मग त्या वाक्याला मी ते आणायला लागले. मागच्या गल्लीत पुढच्या घराचा पाया खणलेला असायचा ना, तो मला या खिडकीतून दिसायचा. वाटायचं, मी इथे रडले तर तिथे भिंत चढेल. चढायचीही."

"रागावलात आमच्यावर?"

"रागावायला अंगात ताकद लागते. मी दमलेय गं. जिथे मी कोण हे कुणाला ठाऊक नाही अशा ठिकाणी पडदे मळू द्यायचेत मला."

ताई उतारावरून खाली आल्या तेव्हा त्यांना आठवलं की आपण यायच्या आधी फोन केला होता. खिडकीचे पडदे धुतलेले होते. अजून ओलसर होते.

त्या आठवड्यात पुस्तिकेची आठ पानं चौदा झाली. त्यात पडलेली भिंत होती, हप्ता न झेपल्यामुळे गेलेली तीन घरं होती, दोन भावांच्या भांडणात कुलूप लागून पडलेलं एक होतं, आणि मावशीचं नाव न घालता मावशीनं सांगितलेलं सगळं होतं. संचालकांनी ती एका दमात वाचून काढली. शेवटचं पान ठेवून त्यांनी चष्मा काढून पुसला.

"ताई, हे छापता येणार नाही."

"खोटं आहे?"

"खोटं असतं तर दुरुस्त केलं असतं." त्यांनी चष्मा घातला. "माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत आहे. लोक घर बघायला येतात म्हणून पुढचं घर होतं. नुसता कागद पाठवला तर कोण देतो? मी पाठवून बघितलाय. एकाचंही उत्तर आलं नाही."

"माहीत आहे. मीच आणलेत सगळे. दार मीच वाजवायचे."

"मग मी काय करू सांगा?"

"पुस्तिका तुमच्या मनासारखी करा. त्यासाठी नाही भांडत मी. पण राहत्या घरात पाहुणे न्यायचे नाहीत, असा ठराव कार्यकारिणीपुढे ठेवा. मग जे होईल ते होईल."

संचालकांनी ठेवला. म्हणाले, "मी विरोधात मत देणार, आधीच सांगतो." ताई म्हणाल्या, "द्या की."

बैठकीला नऊ जण होते. कार्यालयातलं लांब टेबल मिस्त्रींनी सेंट्रिंगच्या फळ्यांचं केलेलं. अजूनही कोपराला कुसळं लागायची. मास्तर सत्त्याऐंशीचे झाले होते. दिसत जवळजवळ नव्हतं, तरी रिक्षा करून आले. मिस्त्री शेवटच्या खुर्चीवर. संस्थेनं त्यांना आठव्या वर्षी कार्यकारिणीत घेतलं होतं आणि तेव्हापासून ते एकाही बैठकीत घड्याळ न बघता बसले नव्हते.

औषधांच्या दुकानदाराचा मुलगा आता वडिलांच्या जागी होता. तो म्हणाला, "दोन-चार माणसं घर बघून गेली तर काय बिघडतं? चांगल्या भावनेनंच येतात ना?"

"चांगल्या भावनेनंच," ताई म्हणाल्या.

"मग त्या बाईंनी इतकी वर्षं सांगितलं का नाही?"

 मास्तरांनी काठी टेबलाला टेकवून ठेवली.

"तिनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, उजेडातून बाजूला व्हा म्हणून," मास्तर म्हणाले. "पहिले पाहुणे मीच नेले. तिला विचारलं नव्हतं. 'उद्या येतोय' असं कळवलं होतं. मला वाटलं, कळवलं म्हणजे विचारलं. शिक्षकाची खोड असते ही." ते थांबले, दम लागला होता. "ठराव बरोबर आहे. त्याचे परिणाम वाईट होतील. दोन्ही लिहून घ्या."

"मिस्त्री, तुम्ही?" संचालकांनी विचारलं.

"मी किल्ली हातात दिली की परत त्या घरात बोलावल्याशिवाय पाय ठेवत नाही," मिस्त्री म्हणाले. "एकशे बारा घरं बांधली, त्यातली ऐंशी मी आतून पुन्हा बघितलेली नाहीत. ज्यांना बघायचंय त्यांनी बांधकाम चालू असताना यावं. येतील तेव्हा दोन विटा हातात देईन. फुकट उभं नाही राहू देणार."

शेवटी पाच विरुद्ध चारनं ठराव झाला. संचालकांनी विरोधात मत दिलं आणि त्याच संध्याकाळी सगळ्या देणगीदारांना पत्रं लिहायला बसले. पत्र ताईंनी वाचलं. साधं होतं, लाचार नव्हतं. बांधकामावर या, हातभार लावा, राहत्या घरांत मात्र आम्ही आता कुणाला नेत नाही.

काही आले. एका बँकेच्या लोकांनी दिवसभर विटा वाहिल्या आणि दुसऱ्या दिवशी निम्मे रजेवर गेले. पण दर वर्षी बस भरून माणसं आणणारा मोठा कारखाना होता, त्यांचं नम्र पत्र आलं. आमच्या कर्मचाऱ्यांना प्रत्यक्ष कुटुंबांना भेटण्यातून प्रेरणा मिळत असे, सबब यंदा आम्ही अन्य संस्थेचा विचार केला आहे. संचालकांनी ते पत्र ताईंपुढे ठेवलं. "सांगितलं होतं ना" हे शब्द त्यांच्या अगदी ओठांवर आले असावेत, पण त्यांनी ते गिळले, आणि त्याबद्दल ताईंना त्यांचे आभार मानावेसे वाटले.

त्या वर्षी पाच घरं धरली होती. तीनच होणार असं ठरलं.

पुस्तिका आठच पानांची निघाली. मुखपृष्ठावर अर्धी बांधलेली भिंत आणि दोन हात, कुणाचे ते कळत नव्हतं. मास्तरांना ती कुणीतरी वाचून दाखवली. "बरी आहे," म्हणाले. ताईंची चौदा पानं संचालकांनी फेकली नाहीत. स्वच्छ टंकून घेऊन त्यांनी ती कपाटात लावून ठेवली आणि नव्यानं लागणाऱ्या प्रत्येक माणसानं ती आधी वाचायची, असं ठरवून टाकलं.

टेलरमावशीचं सामान एका छोट्या टेम्पोत मावलं. मिस्त्री तिच्या बोलावण्यावरून आले होते. दोघांनी यंत्र उचलून चढवलं. "जड झालंय का गं हे, का मीच हलका झालोय?" असं ते मावशीला विचारत होते. मावशीनं किल्ली ताईंच्या हातात दिली. रडली वगैरे नाही. फक्त मागच्या दाराची कडी वर उचलून मग सरकवावी लागते, हे येणाऱ्या बाईला सांग, एवढं दोनदा म्हणाली.

ते घर महिन्याभरात रंग काढून यादीत पहिला असलेल्या एका बसवाहकाला मिळालं. त्याची बायको, दोन मुली आणि सासू. ताईंनी किल्ली दिली, कडीचं सांगितलं आणि दारातूनच परत फिरल्या. बायको मागून म्हणाली, "आत या ना, ताई." ताई म्हणाल्या, "तुमचं घर लागलं की बोलवा. तेव्हा येईन."

आता पाचांतली उरलेली दोन कुटुंबं. त्यांना घर यंदा नाही, हे कुणीतरी जाऊन सांगायला हवं होतं. फोनवर सांगता आलं असतं. ताई बुधवारी पिशवीत वही टाकून निघाल्या.

पहिली बाई तिसऱ्या मजल्यावर राहत होती. धुलाईच्या दुकानात इस्त्री करायची. एकच खोली, मधोमध दोरीवर चादर टाकून दोन केलेली. चादरीपलीकडे रात्रपाळीहून आलेला नवरा झोपला होता. बाई हळू आवाजात म्हणाली, "बसा. आलात म्हणजे ठरलं असेल."

"ठरलं. पण यंदा नाही होत."

बाईनं स्टूल पुढे केलं होतं, ते तसंच हातात राहिलं. "आमचं काही चुकलं का? कागद कमी पडला?"

"तुमचं काही नाही. पैसा कमी आला." ताईंनी एवढ्यावर थांबायचं ठरवलं होतं. जिन्यात तसं घोकलंही होतं. पण बाईच्या चेहऱ्याकडे बघून त्यांना ते अर्धवट वाटलं. "देणाऱ्यांना लोकांची घरं आतून बघायला यायचं असतं. तिथे राहणाऱ्यांना भेटायचं असतं. आम्ही यंदापासून ते बंद केलं. मीच करायला लावलं."

"का?"

"राहणाऱ्याला त्रास होतो म्हणून."

बाईनं खोलीभर नजर फिरवली. खिळ्यांवर कपडे, खाटेखाली डबे, चादरीपलीकडे श्वास. "अहो ताई," ती म्हणाली, आणि आवाज खाली ठेवण्यासाठी तिला दात आवळावे लागले, "मी बघू दिलं असतं. रोज येऊ देत शंभर माणसं. भांड्यात डोकावू देत. मला काही नसतं वाटलं."

 ताईंना सांगता आलं असतं की एक बाई होती, तीही आधी येऊ देत म्हणायची. पण ती गोष्ट ऐकवायला हक्काचं घर झालेलं माणूस समोर हवं होतं.  बाईनं शेवटी स्टूल खाली ठेवलं, माठातून पाणी दिलं.

"पुढच्या वर्षी?"

"यादीत तुमचं नाव वर आहे. नक्की असं मी म्हणत नाही. तसं म्हणून कुणाला फसवायचं नाही, असं ठरवलंय."

बाई काही वेळ इस्त्रीच्या तारेला पडलेली गाठ सोडवत बसली. गाठ सुटल्यावर म्हणाली, "ते तास असतात ना राबायचे. ते आत्ता सुरू करता येतात का? दुसऱ्याच्या भिंतीवर का होईना. रविवारी सुट्टी असते मला. घरी बसून तरी काय करायचं, बसायला घर कुठाय." आणि स्वतःच्याच बोलण्यावर ती जराशी हसली, चादरीकडे बघत, आवाज न करता.

"येतात," ताई म्हणाल्या. "मिस्त्री आठला हजर असतात. उशीर झाला की बोलतात, मनावर घेऊ नका."

त्यांनी वहीत नाव लिहिलं, रविवार लिहिला. बाईनं दारापर्यंत सोडलं नाही, आणि ताईंना तेच बरं वाटलं. कठडा धरून त्या एकेक पायरी उतरायला लागल्या. दुसऱ्या मजल्यावर डावा गुडघा अडला. त्या तिथेच पायरीवर टेकल्या, पिशवीतून वही काढली आणि दुसऱ्या कुटुंबाचा पत्ता बघितला. पाचवा मजला होता. लिफ्ट आहे की नाही हे लिहिलं नव्हतं.